आवतन दिलेला भुईआवळा

अन्याय झाला तो गुंफाबाईंवर. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी, दिवस बुडाल्यानंतरच्या तासाभरात, नाल्याकाठच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. आणि त्यानंतर तेरा दिवसांनी, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत, तोच अन्याय शाईने कागदावर चढवला गेला. खाली सह्या झाल्या, वर चहा झाला.

गावाचं नाव मी लिहीत नाही. मोताळा तालुक्यातलं, धामणगाव बढ्याच्या बाजाराला जाणारं एक गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटकेचा श्वास टाकतात, हे मला पत्रकं वाटून वाटून कळलंय.

आता आषाढ सरत आलाय. दोन झडी होऊन गेल्या आणि दोन वावरांमधले धुरे अंगात आल्यासारखे वर उठलेत. तरोटा गुडघ्याला लागला. आघाड्याचे तुरे लुगड्याला चिकटायला लागले. माका नालीच्या ओलीत बसलाय, पांढरी बटणं टाकून. कोणाला हे गवत दिसतं, कोणाला कचरा दिसतो. मला यातलं एकेक नाव गुंफाबाईंनी दिलंय आणि म्हणून या दिवसांत धुऱ्यावरून चालताना मला धड चालता येत नाही. डोकं तापतं.

गुंफाबाई आमच्या गल्लीतल्या. साठीच्या. स्वतःचं वावर नाही, जन्मभर लोकांच्या वावरात निंदणाला गेल्या. निंदणारीला झाडं कळतात ती कोणत्याही कॉलेजात कळणार नाहीत, कारण तिला ती ओळखूनच उपटावी लागतात. पिकाची दोन पानं कोणती आणि तणाची दोन पानं कोणती, हे तिची बोटं सांगतात, डोळे नंतर. मी लहान असताना सुट्टीत आईबरोबर निंदायला जायचे तेव्हा बायांची ओळ पुढे सरकायची आणि गुंफाबाईंच्या पाथीत, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या पट्ट्यात, मध्येच एखादं झुडूप उभं राहिलेलं दिसायचं. मालक बांधावरून ओरडायचा, "गुंफे, हे काऊन सोडलं?"

"राहू द्या ना पाटील. तुमच्याच पोराच्या खोकल्याले लागन."

"खोकला आला त पाहू. आधी उपट."

मग त्या उपटायच्या. पण मुळासकट, ओल्या मातीसकट, आणि मालकाची पाठ वळली की नेऊन धुऱ्यावर लावून द्यायच्या. नाल्याकाठचा तो धुरा असा भरत गेला. तो सरकारी जमिनीचा, कोणाच्या सातबाऱ्यावर नसलेला, म्हणून त्यांनी तिथं लावलं. अडुळसा, निर्गुडी, बोरीवर चढवलेली गुळवेल, आणि सावलीच्या बाजूला पावसाळ्यात आपोआप येणारा, कोणी न लावलेला भुईआवळा. पानांच्या पोटाशी मोहरीएवढ्या हिरव्या गोळ्यांची रांग असते, तो.

माझा गुडघा विळ्यानं कापला होता तेव्हा त्यांनी कंबरमोडीचा पाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळला होता. असं झोंबलं की मी त्यांना शिवी दिली. त्या हसल्या. "दे, अजून दे. शिवी देल्यानं रगत लवकर थांबते." रक्त थांबलं. शिवीनं की पाल्यानं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आईचा पाय मुरगळला तेव्हा तव्यावर गरम केलेल्या निर्गुडीच्या पानांचा तो उग्र, डोक्यात चढणारा वास आमच्या घरात आठवडाभर होता. अजूनही कुठं निर्गुडी चुरगळली गेली की मला आईचा सुजलेला घोटा आठवतो, आणि उंबऱ्यावर बसून तो दाबणाऱ्या गुंफाबाई. त्यांनी कधी पैसा घेतला नाही. घेतला तर गुण जातो म्हणतात. तुम्ही याला अंधश्रद्धा म्हणा. मी म्हणते, तालुक्याच्या दोन-चार दवाखान्यांना ही अंधश्रद्धा लागली असती तर बरं झालं असतं.

मी चळवळीत आहे, आरोग्याच्या हक्काची पत्रकं लिहिते, छापते, चिकटवते. गावात मला पत्रकवाली म्हणतात. कोणी कौतुकानं म्हणत नाही. म्हणून आधीच स्वच्छ सांगते: कावीळ झाली तर रक्त तपासलंच पाहिजे. पाल्यावर भरवसा टाकून घरी बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हे मी मानते. आणि हे गुंफाबाईही मानतात, हे मात्र गावानं कधी ऐकून घेतलं नाही.

त्या शनिवारी दुपारी रफिकभाई त्यांच्या दारात आले. रफिकभाई आमच्या चौकातले टेलर. त्यांची थोरली सलमा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते.

"मौसी, सलमाचे डोळे पिवळे पडले. डॉक्टरनं गोळ्या देल्या. पण तिची अम्मी म्हणते, मौसीच्या हातचं पाह्यजेच."

"रगत तपासलं काय?"

"हाव."

"कागद दाखव."

गुंफाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "पत्रकवाली, वाच वं हे. लय बोलत असते, आता कामाचं बोल."

मी वाचलं. कावीळ होती, फार चढलेली नव्हती, डॉक्टरांनी विश्रांती आणि पथ्य सांगितलं होतं. गुंफाबाईंनी मान हलवली. "पाय रे रफिक, गोळ्या बंद करजो नोको. माहं औषध त्याच्या संगं हाय, त्याच्या बदल्यात नाही. अन् चार दिसांत डोळे उजळले नाही त मले सांगाले येजो नोको, सीधा बुलढाण्याले ने."

याहून जास्त काय सांगतो हो डॉक्टर?

त्यांची औषध आणायची रीत मी लहानपणापासून पाहत आलेय. कोणतंही झाड त्या एकदम तोडत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्याला आवतन देतात, जसं आपण जेवायला बोलवायचं असलं तर आदल्या दिवशी घरी जाऊन सांगतो. चिमूटभर हळद, चार तांदूळ बुडाशी. मग उकिडवं बसून त्याच्याशी बोलतात. त्या शनिवारी मी बरोबर गेले होते. उघडीप होती, नाल्यावर चिलटं उडत होती, पश्चिमेला तांबडं. त्या भुईआवळ्याला म्हणाल्या, "उद्या येतो बाप्पा तुले न्याले. रफिकच्या पोरीसाठी पायजे. येजो." पुढचे नियम असे: दुसऱ्या दिवशी दिवस निघायच्या आत जायचं, आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही, लोखंड लावायचं नाही, आणि घरून निघाल्यापासून रस वाटून होईपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. आणि आवतन एकाला देऊन दुसरं झाड तोडायचं नाही. तो अपमान होतो.

आम्ही घरी आलो. आमच्या पाठीमागे त्या धुऱ्यावर पाठीवर टाकी घेतलेला एक माणूस उतरला, हे आम्हाला फार नंतर कळलं.

पंधरा ऑगस्ट जवळ आला होता. गावाची स्वच्छता पाहायला तालुक्यावरून कमिटी येणार होती. शाळेचा रस्ता, स्मशानाची वाट आणि नाल्याकाठचा धुरा 'साफ' करायचा होता. बायांना निंदणाला लावलं असतं तर तीन दिवसांची मजुरी गावातच राहिली असती. पण तणनाशक स्वस्त पडतं, लवकर होतं, आणि कोणी पाहायच्या आत उरकता येतं. ते पानावर बसून राहत नाही, पानात मुरतं. झाड सात-आठ दिवस हिरवंच दिसतं. मग एकदम पिवळं.

आमच्या ग्रामपंचायतीवर भोंगा आहे. घरपट्टी भरा म्हणून तो ओरडतो. रेशन आलं म्हणून ओरडतो. कोणाची म्हैस हरवली तरी ओरडतो. ज्या धुऱ्यावर शेळ्या चरतात, बाया भाजी खुडतात, पोरं बोरं शोधतात, त्या धुऱ्यावर विष मारलं, हे सांगायला त्या भोंग्याचा घसा बसला होता काय? एक अडाणी बाई एका वीतभर झुडपाला आदल्या दिवशी जाऊन सांगते की उद्या तुला हात लावणार आहे. शिकल्या-सवरल्या पंचायतीला चार हजार माणसांना तेवढं सांगता आलं नाही.

रविवारी पहाटे मी खळीची बादली घेऊन पारावरच्या फळ्याला पत्रक चिकटवत होते. गुंफाबाई तांब्या घेऊन निघालेल्या दिसल्या. मी हाक मारली, "मावशी!" त्यांनी हात हलवला, बोलल्या नाहीत. मला नियम माहीत होता. आदल्याच संध्याकाळी पाहिला होता. तरी मी चेष्टेत म्हणाले, "काऊन बोलत नाही वं, रुसली काय?"

त्यांच्या तोंडून निसटलं, "तुह्यावर काऊन रुसू वं माय." आणि लगेच तोंडावर हात. मी हसले. त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ रस्त्यातच उभ्या राहिल्या, आणि मग पुढे गेल्या, कारण आवतन दिलं होतं.

सकाळी सलमानं रस घेतला आणि दुपारपर्यंत तिला उलट्या लागल्या. जीभ आणि ओठ आतून सोलल्यासारखे झाले. रफिकभाईंनी तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून तिच्या अम्मीनं धरलं, आधी तालुक्याला आणि तिथून रुग्णवाहिकेनं बुलढाण्याला. मी संध्याकाळी पोचले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाला रानातला होता का? त्यावर काही फवारलं होतं का?" आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी केसपेपरवर तशी शंका लिहून ठेवली. सहा दिवसांनी सलमा घरी आली. आज ती बरी आहे, हे लिहिताना मला हायसं वाटतं. पण ती मला खाटेवर पडल्या पडल्या जे बोलली ते अजून कानात आहे. "ताई, औषध कडू असते, मालूम होतं. पण हे जीभ जाळत होतं. मौसीनं देल्लं म्हणून मी थुकली नाही."

कोणावर एवढा विश्वास टाकणारी माणसं किती उरलीत आपल्याकडे? आणि त्या विश्वासात कोणी काय ओतलं?

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, मुलांची गाणी झाली, लाडू वाटले. मग शाळेसमोरच्या मंडपात ग्रामसभा. विषय क्रमांक सात: 'गावठी औषधाने विषबाधा.' गुंफाबाईंना उभं केलं. एक जण उठला आणि माझंच पत्रक हवेत धरून वाचायला लागला: कावीळ झाल्यास पाला-मुळीच्या नादी लागू नका, रक्त तपासा. "पाहा, आपल्या गावच्या ताईंनीच लिहिलंय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. ते वाक्य मी लिहिलं तेव्हा मला रक्त तपासायचं म्हणायचं होतं, आणि माझ्याआधी वीस वर्षं हे दारात म्हणणारी बाई चार घरं सोडून राहते, हे मी कागदावर आणलं नव्हतं. ही माझी चूक. ती मी इथं छापून देते, म्हणजे कोणाला हवेत धरून वाचायची असेल तर वाचावी.

गुंफाबाई उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "चूक माह्याच्यानं झाली. आवतन देल्यावर वाटेनं बोलाचं नसते. मी बोलली. झाड रुसलं."

मंडपात हशा पिकला. आणि इतिवृत्तात काय लिहिलं गेलं? 'सदर महिलेने आपली चूक मान्य केली.' पूर्णविराम. बाकीचं वाक्य कुठं गेलं? बोलली, रुसलं, आवतन, सगळं गाळलं आणि वर ठराव केला की यापुढे तिनं कोणालाही औषध देऊ नये, दिल्यास पोलिसात तक्रार करण्यात येईल.

रफिकभाई उठले. "शिकायत कोणाची आहे? मी त केली नाही. माह्या पोरीचं नाव घेऊन माह्या मौसीले काऊन धरता?"

"खाली बस रे टेलर. हे काय ब्लाउजचं माप आहे?"

पुन्हा हशा. रफिकभाई बसले नाहीत, उभेच राहिले, पण ठराव बसल्या लोकांच्या जोरावर पास झाला.

दोन दिवसांनी मी गुंफाबाईंना ओढत धुऱ्यावर नेलं. डॉक्टरबाईंची शंका माझ्या डोक्यात होती. आम्ही नाल्याच्या वळणावर आलो आणि थांबलो. धुरा पिवळा होता. अडुळसा खालून करपलेला, निर्गुडीची पानं सुरळी झालेली, माका मातीला मिळालेला. दोन्ही बाजूंना, हातभर अंतरावर, तेच तण हिरवंगार. गुंफाबाई खाली बसल्या. त्यांनी एकेक काडी उचलून पाहिली, मोडली, वास घेतला. निंदणारीचे डोळे. मग बोट पुढे करून म्हणाल्या, "हिकून आला. गावाकडं तोंड करून गेला. डाव्या हातानं मारे. हे पाय ना, डावीकडं जास्त जळलं." पुढे सरकल्या. "शनवारी दिवस बुडला तवा आपून अठी होतो. कोणीच नव्हतं. रविवारी झाड वलं होतं. मले वाटलं, दव हाय."

नाल्यात मला निळी रिकामी कॅन सापडली. त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्या भुईआवळ्यांच्या जागेकडे पाहत होत्या.

"झाड रुसलं असतं त एक रुसलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "अख्खा धुरा रेघ मारल्यावानी काऊन रुसन?"

मग म्हणाल्या, "पोरी, ते कागदावरलं माहं काढून दे."

"काय काढून देऊ मावशी?"

"माहं नाव. तेवढंच."

एक वर्ष होत आलं. मी माहितीचा अर्ज केला. उत्तर आलं: 'फवारणीबाबत कोणतीही नोंद आढळून येत नाही.' धुरा पिवळा पडलेला अख्ख्या गावानं पाहिला, शेळ्या घेऊन जाणाऱ्यांनी पाहिला, शाळेतल्या पोरांनी पाहिला. नोंद आढळत नाही. ज्यानं टाकी पाठीवर घेतली तो कामाचा माणूस, त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही कोणी हातमोजे दिले नव्हते, तोंडाला फडकं दिलं नव्हतं. ज्यांनी त्याला संध्याकाळी, लोक घरी गेल्यावर, गुपचूप पाठवलं, त्यांच्यावर आहे. केसपेपरची प्रत मी दिली, ती 'वरिष्ठांकडे' गेली. कमिटीनं मात्र गावाला चांगले गुण दिले. धुरा स्वच्छ दिसला म्हणे.

आणि वरून त्याच मंडपातले लोक जिल्ह्याच्या ठिकाणी गेले की भुईआवळ्याचा रस बाटलीतून विकत आणतात. लेबलवर हिरवं पान छापलेलं असतं. 'आपली प्राचीन परंपरा' असं भाषणात म्हणताना त्यांचा ऊर भरून येतो. परंपरा बाटलीत बसली की पवित्र, आणि धुऱ्यावर फाटक्या लुगड्यात उकिडवी बसली की गुन्हा? पाटलांच्या घरी माक्याचं तेल लागतं, ते कोण कढवून देत होतं इतकी वर्षं? विचारा त्यांना.

यंदाही पाऊस झाला. धुऱ्यावर वरवर पुन्हा हिरवं आलंय. भुईआवळा नाही आला. गुंफाबाई निंदणाला जातात, पण आता पाथीत एकही झुडूप सोडत नाहीत. सगळं उपटतात. मालक खूश आहे. मागच्या आठवड्यात वडनेर भोलजीहून एक बाई लेकरू कडेवर घेऊन आली, दोन बस बदलून. लेकराला खोकला, अडुळसा हवा होता. गुंफाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मले नाही येत बाई. कोणी सांगतलं तुले? दवाखान्यात ने." ती बाई माझ्याकडे पाहायला लागली. मी काय सांगू? येतं म्हणू? त्यांच्या नावावर पोलिसाची धमकी आहे, ती सही-शिक्क्याची आहे. लेकराला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं, ते मीच तिच्यासोबत जाऊन दाखवून आणलं. पण "मले नाही येत" हे गुंफाबाईंना म्हणावं लागलं. वीतभर झुडपाची सुद्धा परवानगी घेणाऱ्या बाईला. ते ऐकल्यापासून हा लेख डोक्यात खदखदतोय.

मी त्यांना सांगितलं की येत्या ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे. त्या म्हणाल्या, "मांड. पण मी बोलली होती हे बी सांग. ते खोटं नोको करू." म्हणजे त्या अजूनही आपली तेवढी चूक सोडायला तयार नाहीत. चूक कबूल करण्याचा त्यांचा हा प्रामाणिकपणा पंचायतीनं वापरून घेतला आणि आपल्या चुकीची नोंद सापडत नाही म्हणून सांगितलं. मला चीड आहे ती याची.

आता तुमच्याशी. तुम्ही आमच्या गावचे असाल तर येत्या पंधरा ऑगस्टला लाडू घेऊन घरी जाऊ नका, ग्रामसभेला बसा. मागच्या वर्षीचा ठराव मोठ्यानं वाचून दाखवा म्हणा. गुंफाबाईंचं अख्खं वाक्य इतिवृत्तात लिहा म्हणा, डॉक्टरबाईंचा कागद जोडा म्हणा, आणि तो ठराव रद्द करा म्हणा. तुम्ही दुसऱ्या गावचे असाल तर तुमच्याच ग्रामसभेत जा. तुमच्याही रस्त्याकडेला कुठंतरी एक सरळ पिवळा पट्टा आहे, तो आज संध्याकाळी चालत जाऊन पाहून या. मग उभं राहून एवढंच विचारा: फवारा मारायला कोणी सांगितलं, आणि आम्हाला का नाही सांगितलं? नावानिशी उत्तर लिहून घ्या. मिळेपर्यंत खाली बसू नका.